छोट्या अणुभट्ट्या चालवणं आणि सांभाळणं: नव्या तंत्रज्ञानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या अणुभट्ट्यांची चर्चा बहुतेकदा बांधणीपाशीच थांबते. कारखान्यात तयार होईल, जागेवर जोडता येईल, लवकर वीज देईल. त्यानंतरची साठ वर्षं ती चालवायची कशी, आत काही बिघडतंय हे कळणार कसं आणि दुरुस्तीला हात घालणार कोण, हे प्रश्न मागेच राहतात. भट्टी परवडली की नाही आणि सुरक्षित राहिली की नाही, हे ठरतं मात्र त्याच वर्षांत. इथली उत्तरं त्या वर्षांबद्दलची आहेत.

छोटी म्हणजे किती छोटी?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्याख्येनुसार साधारण ३०० मेगावॉटपर्यंत वीज देणारी. दहा मेगावॉटच्या आसपासच्या किंवा त्याहून लहान भट्ट्यांना मायक्रोरिॲक्टर म्हणतात. रोल्स-रॉइसचा आराखडा ४७० मेगावॉटचा असूनही छोट्यांतच मोजला जातो, तेव्हा ही रेघ फार काटेकोर नाही.

नव्या पिढीतल्या अशा भट्ट्या आज खरोखर चालू आहेत का?

आहेत, पण मोजक्या. रशियाच्या अतिपूर्वेकडील पेवेक बंदरात ‘अकादेमिक लोमोनोसोव’ हे तरंगतं केंद्र आहे. त्यात ३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या असून डिसेंबर २०१९ पासून त्यांची वीज ग्रीडला मिळते. चीनच्या शान्तुंग प्रांतात एचटीआर-पीएम ही हेलियमने थंड होणारी जोडभट्टी डिसेंबर २०२३ पासून व्यावसायिक तत्त्वावर चालते. तिच्या दोन भट्ट्या मिळून २१० मेगावॉटची एक टर्बाइन फिरवतात. हाइनान बेटावर लिंगलोंग वन या १२५ मेगावॉटच्या भट्टीचं बांधकाम २०२१ मध्ये सुरू झालं. कॅनडातल्या डार्लिंग्टन इथे ३०० मेगावॉटच्या भट्टीला एप्रिल २०२५ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. थोडक्यात, पुढे ज्या तंत्रज्ञानाबद्दल वाचाल त्यातलं बरंचसं मोठ्या केंद्रांत किंवा प्रयोगशाळांत पारखलेलं आहे. छोट्या भट्टीत वर्षानुवर्षं वापरून पाहिलेलं त्यात फारच थोडं.

भट्टी लहान झाली की चालवण्याचा खर्चही त्याच प्रमाणात कमी होतो ना?

नाही, आणि सगळी धडपड इथूनच सुरू होते.

हजार मेगावॉटच्या अणुवीज केंद्रात पाचशे ते आठशे माणसं कायमस्वरूपी कामाला असतात, असा अमेरिकेतला ढोबळ हिशेब आहे. त्याच हिशेबाने पन्नास मेगावॉटचं केंद्र पंचवीस ते चाळीस माणसांत चालायला हवं. तसं चालत नाही. कंट्रोल रूममध्ये चोवीस तास माणूस हवा. रजा आणि प्रशिक्षण धरलं तर एकेका खुर्चीमागे पाच-सहा जण लागतात. सुरक्षारक्षक, किरणोत्सार मोजणारे, पाण्याचं रसायन सांभाळणारे, आग विझवणारे हे सगळे लहान केंद्रालाही लागतात. पंप लहान असला तरी त्याचं बेअरिंग तपासायला जाणारा फिटर अर्धा होत नाही. त्याच्या कामाची नोंद आणि त्या नोंदीवरच्या सह्यासुद्धा तेवढ्याच असतात.

याचा जुना धडा अंटार्क्टिकातला आहे. मॅकमर्डो तळावर अमेरिकी नौदलाने १९६२ मध्ये पीएम-३ए ही जेमतेम पावणेदोन मेगावॉटची भट्टी सुरू केली. डिझेल वाहून नेण्याचा त्रास वाचावा हा हेतू. ती वारंवार बंद पडायची आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित पथक तळावर ठेवावं लागायचं. १९७२ मध्ये तपासणीत पोलादाला भेगा गेल्या असाव्यात अशी शंका आली, तेव्हा ती खर्चून तपासत बसण्यापेक्षा कायमची बंद करणं बरं ठरलं. नंतर तिच्यासोबत आजूबाजूची हजारो टन मातीही उचलून न्यावी लागली.

म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एआरपीए-ई या शाखेने २०२० मध्ये ‘जेमिना’ नावाचा संशोधन कार्यक्रम काढला. नव्या भट्ट्यांचा चालवण्या-सांभाळण्याचा स्थिर खर्च दर मेगावॉट-तासाला सुमारे १३ डॉलरवरून सुमारे २ डॉलरवर आणायचा, असं त्याचं उद्दिष्ट. हे उद्दिष्ट आहे, गाठलेला आकडा नव्हे. तरी खर्चाचा काटा कुठे रुततो ते त्यावरून नेमकं कळतं.

लहान आहे म्हणजे धोकाही लहान, असं म्हणता येईल का?

आत साठलेली उष्णता आणि किरणोत्सारी द्रव्य कमी असतं, हा फायदा खरा आहे. भट्टी बंद केल्यावरही इंधनातून निघत राहणारी उष्णता लहान गाभ्यातून (इंधन असलेल्या आतल्या भागातून) पंपाशिवाय बाहेर काढता येते. पण देखभालीच्या चुकीला आकाराची फिकीर नसते. ३ जानेवारी १९६१ ला आयडाहोमध्ये एसएल-१ या अवघ्या ३ मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या लष्करी भट्टीत तिघे जण मरण पावले. भट्टी बंद होती. सुट्टीनंतर ती पुन्हा सुरू करण्याआधी मधला कंट्रोल रॉड (न्यूट्रॉन शोषून साखळी प्रक्रिया आवरणारी दांडी) त्याच्या यंत्रणेला जोडण्यासाठी हाताने सुमारे १० सेंटीमीटर उचलायचा होता. तो सुमारे ५० सेंटीमीटर उचलला गेला. पुढचं सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत घडलं. या भट्टीत रॉड अडकण्याच्या तक्रारी आधीपासून होत्या.

एकच रॉड हाताने वर ओढून भट्टी पेटू शकेल अशी रचनाच मुळात नको होती. पुढच्या काळात कोणताही एक रॉड पूर्ण बाहेर राहिला तरी भट्टी बंदच राहिली पाहिजे, ही अट सर्वमान्य झाली. दुरुस्तीच्या वेळी माणसाला गाभ्याजवळ जावंच लागू नये, ही नव्या आराखड्यांतली ओढही त्याच जातीच्या अनुभवांतून आली आहे.

देखभालीत नेमकं काय बदलतंय?

जुनी पद्धत दिनदर्शिकेवर चालते. अमुक महिने झाले की पंप उघडा, तमुक वर्षं झाली की झडप बदला. ती सुरक्षित वाटते, पण धडधाकट यंत्र उघडून पुन्हा बसवताना नवा दोष घुसण्याची शक्यता असते. शिवाय दर वेळी माणसं किरणोत्साराच्या जागेत जातात. नव्या पद्धतीत यंत्राची कंपनं, मोटरचा विद्युतप्रवाह, बेअरिंगचं तापमान, तेलातले धातूचे कण यांवर सतत लक्ष ठेवतात आणि लक्षणं दिसली तरच यंत्र उघडतात. टर्बाइन आणि पाण्याच्या पंपांच्या बाजूला, म्हणजे किरणोत्सार नसलेल्या भागात, हे बऱ्याच केंद्रांत रुळलं आहे. वायरलेस कंपन-सेन्सर तिथे चटकन बसवता येतात. जाड काँक्रीटच्या आत मात्र रेडिओलहरी पोचत नाहीत आणि जवळच्या संवेदनशील उपकरणांना त्यांचा व्यत्यय होणार नाही हे आधी सिद्ध करावं लागतं.

सेन्सर वाढवले की सगळं कळेल का?

या प्रश्नाला थोडा वेळ देतो, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

२८ मार्च १९७९ ची पहाट, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि परत बंद झाली नाही. कंट्रोल रूममधला तिचा दिवा मात्र विझला, आणि दिवा विझला म्हणजे झडप बंद, असा त्याचा अर्थ लावला जाई. त्या दिव्याला झडपेची खरी स्थिती कळतच नव्हती. झडपेला बंद होण्याची आज्ञा गेली आहे, एवढंच तो सांगत होता. सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजले. दोन तासांहून अधिक काळ पाणी त्या झडपेतून जात राहिलं आणि गाभा जवळपास अर्धा वितळला.

आता उलटी गोष्ट. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात मार्च २००२ मध्ये भट्टीच्या झाकणात भलंमोठं भगदाड सापडलं. गळणाऱ्या पाण्यातल्या बोरिक ॲसिडने सोळा-सतरा सेंटीमीटर जाडीचं पोलाद पार खाल्लं होतं आणि आतल्या प्रचंड दाबाला थोपवून धरलं होतं ते जेमतेम सेंटीमीटरभर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या अस्तराने. इथे गळतीची खबर आधीच मिळालेली होती. इमारतीतल्या हवेचा किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांचे फिल्टर गंजाच्या बारीक कणांनी तुंबत होते आणि नेहमीपेक्षा कितीतरी वेळा बदलावे लागत होते. माणसं निमूटपणे फिल्टर बदलत राहिली. हा गंज कुठून येतोय, या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला नाही.

आणि तिसरी. जपानच्या मोन्जू या सोडियमने थंड होणाऱ्या भट्टीत ८ डिसेंबर १९९५ ला शेकडो किलो सोडियम गळून आग लागली. गळती झाली ती नळीत खुपसलेल्या तापमापकाच्या जागी. सोडियमच्या प्रवाहाने त्या तापमापकाचं, म्हणजे थर्मोकपलचं, आवरण थरथरत राहिलं आणि शेवटी मोडलं. म्हणजे जे उपकरण पाहायला बसवलं होतं, त्यानेच भोक पाडलं.

तेव्हा सेन्सर बसवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: तो प्रत्यक्ष ती गोष्ट मोजतो की तिचा आडून अंदाज करतो, त्याचं म्हणणं कोण वाचणार, आणि त्याच्यामुळे नवी कमकुवत जागा तयार होते का. विक्रेत्यांच्या सादरीकरणात सेन्सरची संख्या ठळक असते. माझ्या मते ती सगळ्यात कमी महत्त्वाची.

मग नव्या सेन्सरांत खरोखर नवं काय आहे?

ते टिकतात, हे. गाभ्यात न्यूट्रॉनांचा मारा एवढा असतो की साधं इलेक्ट्रॉनिक्स फार काळ तग धरत नाही. नेहमीचे थर्मोकपल जास्त तापमानात हळूहळू चुकीचं दाखवू लागतात, कारण त्यांच्या धातूचे गुणधर्मच बदलतात. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने मॉलिब्डेनम आणि नायोबियमच्या मिश्रधातूंचे थर्मोकपल विकसित केले, ते या दोन्ही गोष्टी सोसतात. ऑप्टिकल फायबरच्या एकाच धाग्यावर अनेक ठिकाणचं तापमान आणि ताण मोजता येतो, म्हणजे भोकं कमी पाडावी लागतात. किरणोत्साराने काच काळवंडते ही फायबरची जुनी अडचण. शुद्ध सिलिकाच्या किंवा फ्लोरिन मिसळलेल्या फायबरमध्ये ती बरीच कमी होते. आणखी एक सुंदर कल्पना आहे. कोणत्याही विद्युतरोधात तापमानामुळे सूक्ष्म विद्युत-खळबळ असतेच. ती मोजून तापमान काढायचं. रोधाचा पदार्थ म्हातारा झाला तरी हे मोजमाप भरकटत नाही. संकेत फार क्षीण असल्याने ते प्रत्यक्ष भट्टीत आणणं मात्र अवघड आहे.

डिजिटल ट्विन म्हणजे काय?

प्रत्यक्ष भट्टीसोबत चालणारी तिची संगणकातली प्रतिकृती. भौतिकशास्त्राची समीकरणं एका बाजूने, सेन्सरांचे आकडे दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही दर क्षणाला ताडून पाहायची. प्रतिकृती म्हणते इथे तापमान इतकं हवं, सेन्सर म्हणतो तितकं नाही. मग एकतर सेन्सर भरकटला, किंवा आत काही बदललं, किंवा प्रतिकृतीच चुकली. यातलं नेमकं काय झालं ते शोधणं हे खरं काम.

याचे लहान प्रयोग झाले आहेत. पर्ड्यू विद्यापीठाच्या पीयूआर-१ या संशोधन भट्टीला २०१९ मध्ये पूर्ण डिजिटल नियंत्रण यंत्रणेसाठी मंजुरी मिळाली, अमेरिकेत अशी ती पहिली. आयडाहो स्टेट विद्यापीठाच्या एजीएन-२०१ या भट्टीचंही डिजिटल ट्विन तयार झालं. ती भट्टी अवघ्या काही वॉटची आहे, म्हणून प्रयोगाला निर्धोक.

उत्साहाला वेसण घालणारं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्राचं. तिथे नवे स्टीम जनरेटर (भट्टीच्या उष्णतेने नळ्यांमार्फत पाण्याची वाफ करणारे संच) बसवून वर्ष-दोन वर्षंही झाली नसतील, ३१ जानेवारी २०१२ ला एक नळी गळली. तपासलं तेव्हा दोन भट्ट्यांच्या मिळून तीन हजारांहून जास्त नळ्या घासलेल्या आढळल्या. वाफेचा वेग इतका होता की नळ्या थरथरून एकमेकींवर घासत होत्या. आराखडा करताना वापरलेल्या संगणकीय प्रारूपाने तो वेग प्रत्यक्षापेक्षा तीन-चार पट कमी धरला होता. जून २०१३ मध्ये केंद्र कायमचं बंद झालं. प्रारूप देखणं होतं, अंदाज चुकीचा होता, आणि त्या नळ्यांवर प्रत्यक्ष मोजमाप नव्हतं. डिजिटल ट्विनचा खरा उपयोग त्यामुळे प्रतिकृती आणि मोजमाप यांच्यातली तफावत लपवण्यात नसून ती ठळकपणे माणसापुढे ठेवण्यात आहे.

एआय बिघाड आधीच ओळखेल का?

काही बिघाड, होय. बेअरिंग, पंप, मोटर यांचे बिघाड जगभरच्या कारखान्यांत हजारो वेळा झाले आहेत, त्यांची लक्षणं यंत्राला शिकवता येतात. गाभ्यातले बिघाड मात्र सुदैवाने दुर्मीळ आहेत आणि नव्या प्रकारच्या भट्टीत तर ते अजून झालेलेच नाहीत. जे कधी घडलंच नाही ते आकड्यांवरून कसं शिकवणार? तिथे नेहमीपेक्षा वेगळं काही दिसतंय एवढं सांगणं हाच प्रामाणिक दावा, आणि तोही कमी मोलाचा नाही. डेव्हिस-बेसीच्या फिल्टरांबद्दल एवढं कोणी ठासून सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

चॅटबॉटसारखी साधनं वेगळ्या कामाला आली आहेत. कॅलिफोर्नियाच्या डायब्लो कॅन्यन केंद्राने २०२४ मध्ये असं एक साधन घेतलं, ते केंद्राच्या लाखो पानांतून हवा तो कागद शोधण्यासाठी. भट्टीच्या नियंत्रणाशी त्याचा संबंध नाही, आणि नसावा.

माणसाशिवाय, दूरवरून भट्टी चालवता येईल?

भौतिकशास्त्राला अडचण नाही. ३ एप्रिल १९८६ ला आयडाहोच्या ईबीआर-२ या २० मेगावॉटच्या सोडियम भट्टीवर एकाच दिवशी दोन चाचण्या झाल्या. भट्टी पूर्ण क्षमतेवर असताना एकदा पंप बंद केले, एकदा उष्णता वाहून नेणारी वाट तोडली, आणि आपत्कालीन रॉड मुद्दाम पडू दिले नाहीत. तापमान वाढलं तसा गाभा प्रसरण पावला, न्यूट्रॉन अधिक प्रमाणात बाहेर निसटले, साखळी प्रक्रिया आपोआप मंदावली. कोणी बटण दाबलं नाही. मार्च २०१८ मध्ये नेवाडात झालेल्या क्रस्टी चाचणीत काही किलोवॉटची, हीट पाइपने (पंपाशिवाय उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळ्यांनी) थंड होणारी भट्टी २८ तास चालवली. उष्णता काढणं मुद्दाम बिघडवलं तरी ती स्वतःच सावरली. एचटीआर-पीएमवर २०२३ मध्ये झालेल्या चाचण्यांतही वीजपुरवठा तोडल्यावर गाभा आपोआप थंड झाला.

अडचण इतर गोष्टींची आहे. संपर्क तुटला तर काय, घुसखोर आला तर कोण, आग लागली तर कोण, आणि जबाबदारीची सही कोणाची. माझं मत असं की भट्टी दूरवरून पाहणं लवकर येईल, ती दूरवरून बंद करण्याची सोय त्यानंतर, आणि दूरवरून सुरू करणं सगळ्यात शेवटी यावं. सुरू करताना जागेवर डोळे हवेत.

एका कंट्रोल रूममधून अनेक भट्ट्या?

न्यूस्केल या अमेरिकी कंपनीने बारा मॉड्यूल, म्हणजे बारा स्वतंत्र छोट्या भट्ट्या, एकाच कंट्रोल रूममधून चालवण्याची रचना मांडली आणि सिम्युलेटरवर ऑपरेटरांच्या चाचण्या घेऊन ती अमेरिकी नियामकांना पटवली. जुन्या नियमांत एका खोलीतून दोनापेक्षा जास्त भट्ट्यांचा विचारच नव्हता. कठीण प्रसंग असा: एक मॉड्यूल सुरू होतंय, दुसऱ्यात इंधन बदलतंय, आणि तिसऱ्यात अलार्म. पडद्यावर काय मोठं दाखवायचं आणि काय दडवायचं, हा इथला कळीचा प्रश्न. सगळंच आपोआप होत असेल तर ऑपरेटरचा सराव सुटतो, म्हणून सिम्युलेटरवरचे तास कमी करून चालत नाही, उलट वाढवावे लागतात.

रोबोट कुठवर आले आहेत?

फुकुशिमाने बरंच शिकवलं. २०१७ मध्ये दुसऱ्या भट्टीत सोडलेला रोबोट ढिगाऱ्यात अडकून तिथेच राहिला. त्याच वर्षी जुलैत पाण्यातून पोहणाऱ्या एका छोट्या रोबोटने तिसऱ्या भट्टीतलं वितळलेलं इंधन असावं असं दृश्य टिपलं. वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना बाहेर यायला नोव्हेंबर २०२४ उजाडलं, आणि तो एक ग्रॅमहूनही कमी होता. विध्वस्त जागेत रोबोटची गती एवढी असते.

धडधाकट भट्टीतलं काम सोपं आहे, पण रोबोटला जाण्याची वाट आराखड्यातच सोडली असेल तर. काही छोट्या भट्ट्यांत स्टीम जनरेटर भट्टीच्या पात्रातच, मळसूत्री नळ्यांच्या स्वरूपात असतो. मोठ्या पाइपांची गळती त्यामुळे संभवतच नाही, हे चांगलं. पण त्या वळणांतून तपासणीचा प्रोब सरकवणं सरळ नळीपेक्षा कितीतरी कठीण. सोडियम तर पारदर्शकच नाही, तिथे अल्ट्रासाउंडने चाचपडावं लागतं. मोन्जूत २०१० मध्ये तीन टनांहून जड यंत्र पात्रात पडलं आणि ते काढायला महिनोन्‌महिने गेले. कामगाराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या डोसची आंतरराष्ट्रीय शिफारस केलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) आहे. रोबोटने केलेली प्रत्येक फेरी त्या हिशेबातून वजा होते.

देखभालच लागू नये असे भाग असतात का?

माझ्या लेखी सगळ्यात चांगलं देखभाल-तंत्रज्ञान हेच. जो भाग नाही तो बिघडत नाही. न्यूस्केलच्या भट्टीत पाणी गरम होऊन वर चढतं, थंड होऊन खाली येतं, मुख्य पंपच नाही. एचटीआर-पीएममधला हेलियमचा पंखा चुंबकीय बेअरिंगवर तरंगतो, त्यामुळे वंगणाचं तेल हेलियममध्ये शिरण्याची भीती नाही. वीज गेली तर शाफ्ट झेलायला साधी बेअरिंग मात्र ठेवावीच लागतात. रोल्स-रॉइसच्या आराखड्यात साखळी प्रक्रिया आवरण्यासाठी पाण्यात बोरॉन मिसळलेलं नाही, म्हणजे डेव्हिस-बेसीत पोलाद खाणारं ॲसिड मुळातच नाही. त्याबदल्यात रॉडवर जास्त भिस्त ठेवावी लागते. फुकट काहीच मिळत नाही, पण हा सौदा मला पटतो.

इंधन बदलण्यासाठी भट्टी बंद ठेवावीच लागते?

प्रकारावर अवलंबून. साध्या पाण्याच्या भट्ट्या दीड-दोन वर्षांनी बंद कराव्या लागतात. न्यूस्केलच्या रचनेत त्या वेळी एकच मॉड्यूल क्रेनने उचलून पाण्याखालून नेतात, बाकीची वीज देत राहतात. एचटीआर-पीएममध्ये टेनिसच्या चेंडूएवढे ६ सेंटीमीटरचे इंधनगोळे वरून पडतात आणि खालून निघतात. प्रत्येक गोळा तपासून, शिल्लक दम असेल तर परत वर पाठवतात, भट्टी चालू असतानाच. जड पाण्याच्या भट्ट्यांतही चालू स्थितीत इंधन बदलतं. म्हणूनच कर्नाटकातली कैगा-१ ही २२० मेगावॉटची भट्टी २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालली आणि पुढे डार्लिंग्टन-१ ने ११०६ दिवसांचा पल्ला गाठला. चालू भट्टीला जोडलं जाणारं इंधन-यंत्र हे स्वतः एक नाजूक यंत्र असतं, त्याची देखभाल वेगळी.

सुट्या भागांचं काय?

केंद्र साठ वर्षं जगतं, पुरवठादार तेवढे जगतीलच असं नाही. स्लोव्हेनियातल्या क्रश्को केंद्रात आग विझवण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) १९८१ पासूनचा, आणि तो बनवणारी कंपनी बंद पडलेली. नकाशेही हाती नव्हते. जुना भाग स्कॅन करून, १०८ मिलिमीटर व्यासाचा नवा इम्पेलर थ्रीडी प्रिंटिंगने बनवला आणि २०१७ मध्ये तो बसला. अलाबामातल्या ब्राउन्स फेरीत २०२१ मध्ये प्रिंट केलेले पोलादी फास्टनर (जोडणीचे भाग) थेट गाभ्यातल्या इंधनजुड्यांवर लावले गेले. एकाच नमुन्याच्या अनेक छोट्या भट्ट्या असतील तर सुट्या भागांचा सामाईक साठा ठेवता येतो, हा मोठा लाभ. दोष निघाला तर तो सगळ्यांतच निघतो, ही त्याची दुसरी बाजू.

इतकं सगळं जोडलं तर सायबर हल्ल्याचं काय?

जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा व्हायरस त्याच डेव्हिस-बेसी केंद्रात एका कंत्राटदाराच्या जोडणीतून शिरला आणि सुरक्षेचे मुख्य आकडे दाखवणारा पडदा जवळपास पाच तास बंद पडला. भट्टी तेव्हा बंद होती म्हणून निभावलं. त्या व्हायरसवरचा उपाय सहा महिने आधीच उपलब्ध होता. आज खबरदारी म्हणून डेटा डायोड वापरतात: प्रकाशकिरण एकाच दिशेने पाठवणारं उपकरण, ज्यातून आकडे बाहेर जातात पण आज्ञा आत येऊच शकत नाही. नुसतं पाहायचं असेल तर हे पुरतं. दूरवरून नियंत्रण हवं म्हटलं की आत येणारी वाट उघडावी लागते, आणि दूरस्थ नियंत्रणाबद्दल मी सावध आहे त्याचं हेही एक कारण.

इलेक्ट्रॉनिक्स लवकर जुनं होतं, भट्टी साठ वर्षांची. जुळणार कसं?

पोलादी पात्र टिकेल, त्याच्या भोवतीचे संगणक पंधरा-वीस वर्षांत बदलावे लागतील. म्हणजे भट्टीच्या आयुष्यात निदान दोन-तीन वेळा. प्रत्येक बदलात नव्या यंत्रणेला जुन्याशी ताडून पाहणं, ऑपरेटरांना पुन्हा शिकवणं आणि नियामकांची मंजुरी आलीच. म्हणून भट्टी बंद करणारी मूळ सुरक्षा यंत्रणा शक्य तितकी साधी आणि वेगळी ठेवतात, आणि ट्विन, एआय वगैरे तिच्या बाहेर. ते बंद पडले तरी भट्टी सुरक्षित थांबली पाहिजे.

दुसरी बाब नोंदींची. आज घेतलेल्या कंपनांच्या नोंदीचा खरा उपयोग तीस वर्षांनी होतो, जेव्हा तेच बेअरिंग वेगळा आवाज करू लागतं आणि ते नवं असताना कसं चालत होतं हे कोणीतरी विचारतं. तोवर सॉफ्टवेअर बदललेलं असतं, कंपनी कदाचित विकली गेलेली असते. त्यामुळे करार करतानाच लिहून घ्यावं की सेन्सरांचे मूळ आकडे, कोणतीही प्रक्रिया न केलेले, केंद्राच्या मालकीचे राहतील आणि कोणालाही वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात साठवले जातील. सेन्सर कधी बदलला, त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं, त्या दिवशी भट्टी किती क्षमतेवर होती, हेही त्याच नोंदीत हवं.